जास्त बूस्टच्या टर्बो गाड्यांचं हेड गॅस्केट: का उडतं, कसं वाचवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रीमॅप केलेली (इंजिनच्या संगणकातली सेटिंग, म्हणजे मॅप, बदललेली) किंवा मोठा टर्बो बसवलेली गाडी सोलापुरात चालवणाऱ्यांना, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

हेड गॅस्केटचं काम नेमकं काय? टर्बो गाडीतच ते जास्त का उडतं?

हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या एका पातळ थराला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि दाबाखालचं ऑइल. यातलं ऑइल-पाणी सांभाळणं तुलनेनं सोपं. खरा जोर वायूचा असतो.

हिशेब करून बघा. ७६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस सेंटिमीटर. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमध्ये १०० बार दाब झाला तर हेडला वर ढकलणारा जोर जवळपास ४.६ टन होतो. बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवून स्फोटाचा दाब १३० बारवर नेला की सहा टन. हा जोर दर पॉवर स्ट्रोकला येतो आणि जातो. त्याला धरून ठेवतात ते फक्त हेड बोल्ट. १०.९ ग्रेडचा एम-१० बोल्ट पूर्ण ताणला तर साधारण साडेचार टन धरतो, आणि त्या ताणातूनच गॅस्केटला दाबून ठेवण्याचं कामही भागवावं लागतं. म्हणजे दिसायला भरपूर वाटणारी शिल्लक प्रत्यक्षात फार नसते.

त्यात उष्णतेची भर पडते. बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की सुमारे ०.७४ मिलिमीटर वाढतं, बिडाचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला ०.३५ मिलिमीटर. उरलेला फरक गॅस्केटवर घासला जातो, दर वेळी गाडी गरम-गार होताना.

गॅस्केट बदललं आणि सहा महिन्यांत पुन्हा उडालं. डुप्लिकेट होतं का?

असू शकतं, पण ते क्वचित. बहुतेक वेळा आधीचं गॅस्केट ज्या कारणानं गेलं ते कारण गाडीत तसंच राहिलेलं असतं. टर्बो गाडीत गॅस्केट आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मारणारे चार: नॉकिंग (इंधनाच्या मिश्रणाचं अवेळी, एकदम पेटणं), हेड उचललं जाणं, ओव्हरहीट आणि वाईट बसवणी. यातलं कोणतं होतं ते ठरवल्याशिवाय नवीन पाकीट फोडू नका.

म्हणून जुनं गॅस्केट भंगारात टाकण्याआधी नीट बघा, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा जळका माग असेल तर वायू एका बोअरमधून दुसऱ्यात जात होता. बोअरभोवतीची कडी बाहेरच्या बाजूला ढकललेली, फाटलेली किंवा ठेचलेली दिसली तर संशय नॉकिंगवर. अशा वेळी स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून पाहा. ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचे आहेत, आणि मग पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्याही तपासायला हव्यात. कडी शाबूत आहे पण तिच्यावरून बाहेरपर्यंत काजळीची फिकट रेघ गेली आहे, म्हणजे बूस्टमध्ये हेड क्षणभर उचललं जात होतं आणि परत बसत होतं. पाण्याच्या भोकांभोवती गंज आणि खड्डे असतील तर दोष कूलंटचा. आणि गॅस्केटवर हेडचा ठसा एका टोकाला ठळक, दुसऱ्या टोकाला पुसट असेल तर हेड वाकलेलं आहे किंवा बोल्ट सारखे ओढलेले नव्हते.

सोलापूरच्या उन्हाचा खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि पाणी तापण्यापेक्षा जास्त तो हवेच्या तापमानात पडतो. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. १.२ बार बूस्ट आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर धरला, तर डिसेंबरच्या दुपारी २५ अंशांची हवा टर्बोतून सुमारे १३५ अंशांनी बाहेर पडते. मे महिन्यात ४३ अंशांची हवा आत गेली की बाहेर १६० अंश. इंटरकूलरनं ७० टक्के काम केलं तरी इंजिनात शिरणारी हवा हिवाळ्यात ५८ आणि उन्हाळ्यात ७८ अंशांच्या आसपास असते. हे वीस अंश पेट्रोल गाडीला नॉकिंगच्या सीमेवर नेतात. पुण्यात थंडीत डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवलेला मॅप इथे मेमध्ये तसाच चालेल असं गृहीत धरणं हीच सगळ्यात मोठी गफलत.

शिवाय आपल्याकडे गाडी धुळीतून जाते. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतील तर मधल्या फटींत माती आणि कचरा बसतो, तो समोरून दिसत नाही. उन्हाळ्याआधी एकदा बंपर उतरवून, इंजिनाच्या बाजूनं समोरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्यानं फिन्स धुवा. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर फिन्स झोपतात आणि होता तो वाराही बंद होतो.

मूळ गॅस्केट आणि बोल्ट किती बूस्टपर्यंत चालतात?

बूस्टचा एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हेड उचलतो तो सिलिंडरमधला कमाल दाब, आणि तो बूस्ट, इग्निशनचं टायमिंग, कम्प्रेशन रेशो, हवेचं तापमान आणि आरपीएम या सगळ्यांवर ठरतो. छोटा टर्बो २००० आरपीएमला १.३ बार देतो तेव्हा गॅस्केटवर जितका ताण येतो, तितका मोठा टर्बो ५००० आरपीएमला तोच १.३ बार देताना सहसा येत नाही.

त्यामुळे ताकद वाढवायची असेल तरी १८०० ते २८०० आरपीएममधला टॉर्क आवरता ठेवा आणि वाढ वरच्या आरपीएमला घ्या. गाडी खालून कमी ओढते असं वाटेल, पण गॅस्केट, क्लच आणि कनेक्टिंग रॉड तिन्ही वाचतील. ट्यूनरकडून बूस्टचा लॉग मागून घ्या आणि त्यात मागितलेला बूस्ट नि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवून बघा. गिअर बदलताना ०.२ बारच्या वर उसळी दिसत असेल तर वेस्टगेटचा (बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर, सोलेनॉइड किंवा व्हॅक्यूमचे पाइप आधी नीट करा.

नॉकिंग टाळायला पेट्रोल गाडीत काय काय करायचं?

गॅस्केटच्या दृष्टीनं हे सगळ्यात महत्त्वाचं. नॉकिंगमध्ये उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि दाबाची लाट बोअरच्या कडेवर, म्हणजे थेट गॅस्केटच्या कडीवर आदळते.

मॅप ज्या ऑक्टेनवर बनवला त्याच ऑक्टेनचं पेट्रोल कायम भरा. ९५ वर बनवलेला मॅप आणि टाकीत साधं पेट्रोल, हा प्रकार एका लांबच्या चढाला पुरतो. इथेनॉलचा मुद्दा वेगळा. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलबद्दल इथे ठाम मतं भरपूर ऐकू येतात. वस्तुस्थिती अशी की इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, पण मिश्रणाला हवेच्या मानानं जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, ई-१० चं (१० टक्के इथेनॉल) सुमारे १४.१ आणि ई-२० चं साधारण १३.५. ई-१० च्या काळात बनवलेल्या जुन्या मॅपवर ई-२० भरलं की पूर्ण थ्रॉटलला मिश्रण चारेक टक्क्यांनी पातळ व्हायला वाव असतो. फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती) सातत्यानं पाच-सात टक्के अधिक दाखवत असेल तर मॅप नव्यानं जुळवून घ्या, आणि इंधन पंप नि इंजेक्टरांत तेवढी क्षमता शिल्लक आहे ना तेही पाहा. पूर्ण बूस्टमध्ये लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे इंधन जास्त) ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान हवा.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा.

थेट इंजेक्शनच्या लहान इंजिनांत आणखी एक धोका असतो: कमी आरपीएमला, जास्त लोडखाली, स्पार्कच्या आधीच पेट घेणं. ऑइल आणि इंधनाचे थेंब त्याला कारण होतात. याची बाधा कमी करणारं ऑइल एपीआय एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचं असतं, डब्यावर बघून घ्या. आणि तुळजापूरचा घाट चढताना पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका. तिसरा टाका, इंजिनाला फिरू द्या.

डिझेल गाडीला नॉकिंगचा प्रश्न नाही. मग तिचं गॅस्केट का जातं?

डिझेलमध्ये मुळातच कमाल दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. स्वस्तातला रीमॅप करणारे दोन गोष्टी करतात: इंजेक्शन लवकर सुरू करतात आणि इंधन वाढवतात. पहिल्यानं दाब वाढतो, दुसऱ्यानं एक्झॉस्टचं तापमान. रेल्वे स्टेशनजवळच्या चढावर काळा धूर सोडणारी गाडी "पॉवरफुल" नसते, तिच्यात हवेपेक्षा इंधन जास्त झालेलं असतं. टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान सलग ७५० अंशांच्या वर राहत असेल तर मॅप सौम्य करा. तापमान मोजायला मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल बसवता येतं. टोइंग करणाऱ्यांनी किंवा गाडी कायम भरून पुणे-हैदराबाद मार्गावर चालवणाऱ्यांनी ते बसवावंच.

डिझेलमध्ये गॅस्केटची जाडी निवडण्याचा भाग वेगळा आहे. पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागावर किती वर येतो ते डायल गेजनं प्रत्येक पिस्टनवर दोन ठिकाणी मोजतात आणि सगळ्यांत मोठा आकडा धरून गॅस्केट घेतात. जाडी ओळखायला गॅस्केटच्या कडेला एक, दोन किंवा तीन भोकं अथवा खाचा असतात. जुन्यावर दोन भोकं होती म्हणून नवीनही दोनचं, हे फक्त तेव्हाच बरोबर जेव्हा ब्लॉक, पिस्टन किंवा रॉडला हात लावलेला नसतो. पातळ गॅस्केट बसलं तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडेल, जाड बसलं तर कम्प्रेशन कमी होऊन सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देईल.

गॅस्केट जात आहे हे वेळीच कसं ओळखायचं?

पांढरा धूर, दुधी ऑइल आणि उकळणारा रेडिएटर ही शेवटची लक्षणं. तोवर खर्च बराच वाढलेला असतो. बूस्टच्या गाडीत सुरुवात वेगळी होते: आयडलला आणि गावात गाडी ठणठणीत, फक्त हायवेवर जोर लावला की एक्स्पॅन्शन बाटलीतून कूलंट बाहेर फेकलं जातं. घरी येऊन बघावं तर पातळी कमी, पण गळती कुठेच नाही. हे हेड उचलण्याचं खास लक्षण.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना वरचा रेडिएटर होज दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा होज मऊ हवा. गाडी सुरू करून मिनिटभरात, पाणी तापायच्या आत, तो टणक झाला तर वायू कूलंटमध्ये शिरतो आहे.

गॅरेजमध्ये चार चाचण्या होतात. पहिली ब्लॉक टेस्ट: बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात, कूलंटमधल्या वाफेत जळका वायू असेल तर द्रव पिवळा होतो. मात्र हेड फक्त बूस्टमध्ये उचलत असेल तर आयडलला ही टेस्ट निर्दोष येते. म्हणून आधी गाडी लोडखाली पळवून आणा, इंजिन गार होऊन दाब उतरू द्या आणि मग हळूच टोपण काढून टेस्ट करा. दुसरी प्रेशर टेस्ट: कूलिंग सिस्टीमला हातपंपानं १ ते १.१ बार दाब देऊन वीस मिनिटं काटा हलतो का बघायचं. तिसरी लीक-डाउन: पिस्टन कम्प्रेशनच्या टॉपला आणून सिलिंडरमध्ये सुमारे ७ बार हवा सोडतात. वीस टक्क्यांपेक्षा जास्त हवा निसटत असेल तर आवाज कुठून येतो ते ऐका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चिरलेलं हेड, शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर मधली पट्टी गेली, डिपस्टिकमधून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह.

चौथी चाचणी फार कमी लोक करतात, पण ट्यून केलेल्या गाडीला तीच सगळ्यात जास्त बोलकी. कूलंट लाइनमध्ये टी लावून प्रेशर सेन्सर बसवायचा आणि लॉग घ्यायचा. पाण्याचा दाब तापमानाबरोबर हळूहळू चढला पाहिजे. पूर्ण थ्रॉटल मारताच तो एकदम उडी घेत असेल तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

दुधी ऑइलबद्दल एक सावधानता. बऱ्याच टर्बो गाड्यांत ऑइल कूलर कूलंटनं थंड होतो आणि त्याची आतली जाळी फुटली तरी ऑइल-पाणी एक होतं. हेड खोलण्याआधी कूलर सुटा करून, बुडवून, हवेनं तपासा. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली फेस असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर तो बहुधा साठलेला दमटपणा असतो.

एमएलएस, कंपोझिट की तांब्याचं गॅस्केट?

रस्त्यावर चालणाऱ्या जास्त बूस्टच्या गाडीला एमएलएस, म्हणजे स्टीलच्या तीन किंवा जास्त पत्र्यांचं. त्यातल्या उंचवट्यांना स्प्रिंगसारखा गुण असतो, त्यामुळे हेड काही मायक्रॉन हललं तरी सील टिकतं. पण त्याला पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत लागतो.

कंपोझिट खडबडीत पृष्ठभाग सहन करतं, जास्त दाब सहन करत नाही. तांब्याच्या गॅस्केटला बोअरभोवती खाच पाडून स्टीलच्या तारेची रिंग बसवावी लागते आणि पाण्याच्या भोकांना वेगळं सीलंट लागतं. ते ड्रॅग रेसच्या गाडीला ठीक, रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला नाही.

हेडला फेस मारताना मशीनशॉपवाल्याला काय सांगायचं?

तीन गोष्टी, शक्यतो लिहून. पृष्ठभागाची सपाटी: पूर्ण लांबीवर ०.०५ मिलिमीटरच्या आत, कोणत्याही १०० मिलिमीटरमध्ये ०.०२ च्या आत. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेजनं तपासतात. दुसरी, फिनिश: एमएलएससाठी आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.८ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. नखानं ओरखडा जाणवला तर तो फिनिश चालणार नाही. शॉपमध्ये रफनेस टेस्टर असेल तर रीडिंग मागा, नसेल तर तो असलेला शॉप शोधा. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत अचूक मशीनिंगची कामं होतात, तिथे चौकशी करायला लाज वाटू देऊ नका. तिसरी, कमीत कमी मटेरियल काढा. किती काढलं ते लिहून घ्या, कारण तेवढं कम्प्रेशन वाढतं आणि ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात टायमिंगही किंचित सरकतं.

वाकलेलं हेड नुसतं खालून फेस केलं की खालची बाजू सपाट होते, वरची कॅमची रांग वाकडीच राहते. कॅप बसवून कॅम हातानं फिरवा. अडखळत असेल तर हेड आधी सरळ करावं लागेल किंवा बदलावं लागेल. फार तापून गेलेल्या ॲल्युमिनियमचा कडकपणाही कमी होतो, मग बोल्ट कितीही नीट ओढा, हेड दबत राहतं. हार्डनेस तपासून घ्या.

आणि ब्लॉक विसरू नका. सगळे हेडच्या मागे असतात, गळती मात्र दोन बोअरमधल्या ब्लॉकच्या चिरेतून होत असते.

जुनं गॅस्केट खरवडायला ड्रिलवर फिरणारी अपघर्षक चकती वापरू नका. तिनं ॲल्युमिनियमला खोलगट डाग पडतात आणि तिची पूड ऑइलमधून थेट बेअरिंगांपर्यंत जाते. प्लॅस्टिकची किंवा पितळेची पट्टी, गॅस्केट रिमूव्हर आणि संयम.

हेड बोल्ट बदलायचेच का? स्टड घालावेत का?

टॉर्क अधिक अंश या पद्धतीनं ओढायचे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात. ते मुद्दाम लवचिकतेच्या सीमेपलीकडे ताणले जातात. दुसऱ्यांदा वापरले तर पाना तोच अंश दाखवेल, ताण मात्र तेवढा मिळेल याची खात्री नाही.

सिलिंडरमधला दाब मूळपेक्षा लक्षणीय वाढवला असेल तर चांगल्या पोलादाचे स्टड (ब्लॉकमध्ये फिरवून बसवायचे आणि वरून नट लावायचे दांडे) घालणं योग्य. फायदा दुहेरी: धातू जास्त मजबूत, आणि ओढताना स्टडला पीळ जवळजवळ बसत नाही, त्यामुळे मिळणारा ताण सगळीकडे सारखा येतो. मात्र स्टड घातले म्हणजे वाटेल तेवढं ओढायचं असं नाही. जास्त ताणानं बोअर वाकडे होतात. बोअरिंग-होनिंग करत असाल तर ते टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून आणि हेच स्टड वापरून करून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ वंगणात होतो. एम-१० बोल्ट कोरडा असेल तर ९० न्यूटन-मीटरला, म्हणजे सुमारे ९.२ किलोग्रॅम-मीटरला, साधारण ४५ किलोन्यूटन ताण येतो. स्टड कंपनीचं विशेष वंगण लावलं की तेवढाच ताण ५४ न्यूटन-मीटरला मिळतो. वंगण लावून ९० ओढलं तर ताण ७५ किलोन्यूटनपर्यंत जाईल, आणि त्याच्या आतच एकतर बोल्ट तुटेल नाहीतर ब्लॉकचे आटे बाहेर येतील. म्हणून टॉर्कचा आकडा आणि वंगण एकाच कागदावरचं घ्या. मूळ बोल्टचा आकडा स्टडला लावू नका.

बसवताना क्रम कसा ठेवायचा?

बोल्टची भोकं आटे साफ करणाऱ्या टॅपनं साफ करा, कापणाऱ्या टॅपनं नाही. मग डोळ्यांना चष्मा लावून हवा मारा. बंद भोकात चमचाभर ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट ओढताना ते दाबलं जाऊन ब्लॉक चिरतो. स्टड हातानंच तळापर्यंत फिरवा, पान्यानं आवळू नका.

दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोननं पुसा, शेवटचं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. गॅस्केट पाकिटातून शेवटच्या क्षणी काढा. एमएलएसवर सिल्व्हर पेंट, शेलॅक, सिलिकॉन काहीही लावू नका. टायमिंग कव्हरच्या जोडावर मॅन्युअलनं थेंब सांगितला असेल तेवढाच अपवाद. डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा आणि ऑइलचं भोक गॅस्केटच्या भोकाशी जुळतं का तेही.

बोल्ट मधल्यापासून बाहेर, गोलाकार क्रमानं, तीन टप्प्यांत ओढा. स्टडसाठी साधारण एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण टॉर्क. प्रत्येक वेळी पाना एका दमात, न थांबता खेचा, मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं की घर्षणामुळे आकडा खोटा येतो. मूळ बोल्टना मॅन्युअलमधला टॉर्क आणि नंतरचे अंश अँगल गेजनं, अंदाजानं नाही.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये चालेल का?

नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार पाण्याच्या जॅकेटमध्ये सगळ्यात गरम ठिकाणी, म्हणजे नेमके एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास थर धरतात. तिथेच हेड तापतं, तिथेच चिरतं. नळाच्या पाण्याबद्दलही हेच. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरा.

कूलंट आणि पाण्याचं प्रमाण निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी चालतं, हा समज काढून टाका. हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, १ बारच्या टोपणाखाली जवळपास १२९ अंशांना. नुसतं पाणी तेवढ्याच दाबाला १२० वर. आणि टोपणाची स्प्रिंग गेली असेल तर हे सगळे अंश हवेत जातात. ते पार्ट किरकोळ किमतीचं आहे, दोन-तीन वर्षांनी बदला.

वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकमेकांत मिसळू नका, रंग सारखा असला तरी. जुनं काढून, साध्या पाण्यानं दोनदा धुऊन, मग नवीन.

सिस्टीममधली हवा कशी काढायची?

व्हॅक्यूमनं भरणारं यंत्र असलेलं गॅरेज मिळालं तर प्रश्न मिटतो. नसेल तर गाडीचं नाक वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. थर्मोस्टॅट उघडून पंखा दोनदा सुरू-बंद होऊ द्या. गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, आणि दोन दिवसांनी आणखी एकदा. हेडमध्ये अडकलेला हवेचा फुगा नव्या गॅस्केटला पहिल्याच फेरीत खाऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर गाडी गार राहील ना?

नाही. इंजिन अर्धवट गरम राहतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त इंधन देत राहतो, बोअर झिजतात. काही इंजिनांत बायपासचा मार्ग उघडा राहून उलट उन्हाळ्यात गाडी जास्त तापते. नवीन, योग्य अंशांचा बसवा.

डॅशबोर्डचा काटा मध्यावर आहे. म्हणजे सगळं ठीक?

तसं नाही. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, ८० अंश असोत की १०५, तो मध्यातच. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी-सॉकेटात बसणारं यंत्र) आणि मोबाइल ॲपवर खरं तापमान बघा. ट्यून केलेल्या गाडीत जोर लावल्यावर ११० च्या वर जाऊन तिथेच टिकत असेल तर बूस्ट कमी करा आणि कारण शोधा.

टेंभुर्णीच्या अलीकडे भर दुपारी काटा लाल पट्टीत गेला. काय करायचं?

काटा नुकताच वर सरकत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण, पाय हलका, आणि कडेला घ्या. लाल पट्टीत गेलाच असेल तर इंजिन बंद करा. टोपण उघडू नका, दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर येतं. बॉनेट उघडून किमान पाऊण तास थांबा. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड जागच्या जागी वाकतं किंवा चिरतं. गार झाल्यावर पातळी बघा. कूलंट गायब असेल किंवा पंखा फिरत नसेल तर गाडी टो करून न्या. "हळूहळू सोलापूर गाठू" या हिशेबात गॅस्केटचं काम हेडचं होऊन बसतं.

रेडिएटरमध्ये टाकायचं सीलर वापरू का?

जास्त बूस्टच्या गाडीत नाही. गळती बंद होवो न होवो, टर्बोच्या कूलंटचे बारीक मार्ग आणि हीटरची जाळी नक्की बंद होतात.

काम झाल्यावर किती दिवस जपून चालवायची? पुन्हा टॉर्क करायचा का?

फॅक्टरीच्या बोल्टवर बसवलेल्या एमएलएसला पुन्हा टॉर्क सहसा लागत नाही, तांब्याला लागतो आणि काही कंपोझिटलाही. स्टडबाबत उत्पादकाच्या कागदावर असेल तसं. करायचाच असेल तर इंजिन पूर्ण गार असताना, एकेक नट थोडा सैल करून पुन्हा पूर्ण आकड्यावर.

पहिले तीन गरम-गार फेरे बूस्टशिवाय, मग ३००-५०० किलोमीटर अर्ध्या बूस्टवर. या काळात रोज सकाळी बाटलीची पातळी आणि होज तपासा. पातळी पहिल्या आठवड्यात थोडी उतरते, नंतर थांबली पाहिजे. पूर्ण बूस्ट द्यायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदला, कारण खोललेल्या इंजिनात कितीही पुसलं तरी थोडं कूलंट आणि कचरा राहतोच. त्यानंतर ट्यूनरकडे जाऊन नॉक, लॅम्डा, हवेचं तापमान आणि कूलंटचा दाब असे चारही लॉग एकाच वेळी घ्या, शक्यतो दुपारच्या उन्हात. हेडला किंवा ब्लॉकला फेस मारून कम्प्रेशन वाढलं असेल तर जुना मॅप तसाच चढवू देऊ नका, टायमिंग आधी एक-दोन अंशांनी मागे घ्यायला सांगा.